सोर्स कोड क्लायंटच्या सर्व्हरवर ठेवायचा का, आणि द्यायचाच असेल तर कसा द्यायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार जणांची टीम, एका पतसंस्थेसाठी स्प्रिंग बूटमधलं सॉफ्टवेअर, समोर रिअ‍ॅक्टच्या स्क्रीन, आणि सभासदांसाठी एक जुनं पीएचपी पोर्टल. संस्थेचं आयटी बघणारे साहेब म्हणतायत की सोर्स कोड त्याच सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये ठेवून द्या म्हणजे उद्या तुम्ही नसलात तरी आमचं अडणार नाही, आणि तुमचे सीनियर म्हणतायत की सोर्स काहीही झालं तरी हातातून सोडायचा नाही. तुम्ही मधे अडकलाय आणि विचारताय की बेस्ट प्रॅक्टिस नक्की काय.

मी गेली एकोणीस वर्षं साखर कारखाने, बाजार समित्या, पतसंस्था असल्याच ठिकाणची सॉफ्टवेअर बनवतो आणि सांभाळतो, त्यामुळे ही वादावादी मी दोन्ही बाजूंनी बघितलीय. माझं म्हणणं असं की ते साहेब आणि तुमचे सीनियर ज्याच्यावरून ताणतायत तो मुद्दाच नाहीये. संस्थेला सोर्स घेऊन काही करायचं नाही, त्यांना हवंय ते एवढंच की आज जे चालतंय अगदी तेच उद्या दुसऱ्या कुणालातरी परत बनवता आलं पाहिजे आणि मग त्यात हवा तो बदल करता आला पाहिजे. त्याला सोर्स लागतोच, पण नुसता सोर्स पुरत नाही, आणि जो चालतोय त्याचा नसलेला सोर्स हा सोर्स नसण्यापेक्षा वाईट, कारण लोक त्याच्यावर विश्वास ठेवून बसतात.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. एका कारखान्याच्या ऊस काट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडे देखभालीला आलं, आधीचा डेव्हलपर सोडून गेलेला, डॉटनेटमधलं होतं. गाळप सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, बाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि एका शेतकऱ्याचा मुलगा स्लिप घेऊन ऑफिसात आला. निव्वळ ऊस १७ टन ३८० किलो, पाचटाची एक टक्का वजावट धरली तर १७३.८ किलो जायला पाहिजेत, म्हणजे १७.२०६ टन यायला पाहिजे, स्लिपवर होतं १७.२००. सहा किलो कुठं गेले एवढंच तो विचारत होता आणि अगदी शांतपणे विचारत होता. सर्व्हरवर डी ड्राइव्हला सोर्सचं फोल्डर होतं, मी उघडलं, वजावटीचं फंक्शन सापडलं, त्यात किलोपर्यंत राउंड केलेलं, म्हणजे बरोबर. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड करून, म्हणजे त्या सोर्समधून चालतं सॉफ्टवेअर बनवून, तोच आकडा टाकला, १७.२०६ आलं. म्हणजे जी इएक्सई काट्यावर चालत होती ती ह्या सोर्समधून बनलेलीच नव्हती. शेवटी आयएलस्पाय (इएक्सईमधून कोड परत काढून दाखवणारं टूल) टाकून चालती इएक्सई उलगडली तेव्हा दिसलं की तिथं दहा किलोपर्यंत खाली कापणारी एक ओळ आहे, कधी आली, कुणी सांगितली म्हणून आली, कशाचाच पत्ता नाही. आणि ती उलगडताना अजून दोन बदल सापडले जे फोल्डरमध्ये नव्हतेच. त्या फोल्डरमधून मी विश्वासानं नवीन इएक्सई बनवून टाकली असती तर ते दोन बदल उडाले असते आणि त्यातला एक टीडीएसचा होता.

बघा, तिथं सोर्स सर्व्हरवरच होता. साहेब म्हणतायत तसाच, सॉफ्टवेअरच्या शेजारी. काही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम, सोर्सचं पॅकेज माणसानं हातानं बनवायचं नाही. ज्या बिल्डमधून जार (जावाची चालणारी फाइल) निघते त्याच बिल्डमधून, त्याच वेळी, त्याच कमिटवरून (गिटमधल्या कोडच्या त्याच नोंदीवरून) सोर्सची झिप निघाली पाहिजे. गिटमध्ये रिलीजचा टॅग मारायचा, बिल्ड सर्व्हरनं त्या टॅगवरून ताजा क्लोन घ्यायचा, त्यातून जार बनवायची आणि लगेच गिट आर्काइव्ह कमांडनं त्याच टॅगची झिप काढायची, दोन्हीचे शा-२५६ (फाइलचा ठसा, फाइल जरा बदलली तरी वेगळा येतो) एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचे आणि तिन्ही फाइली एकाच रिलीज फोल्डरमध्ये. कुणाच्या लॅपटॉपवरून बनवलेली जार प्रॉडक्शनला जाणार नाही, मग रात्रीचे अकरा वाजलेले असोत की चेअरमनचा फोन आलेला असो. एक लक्षात ठेवा, गिट आर्काइव्ह सबमॉड्यूलमधला (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीतला) कोड घेत नाही, त्या फोल्डर रिकाम्या येतात आणि एरर पण येत नाही, तुम्ही सबमॉड्यूल वापरत असाल तर ते वेगळं बघावं लागेल.

आणि चालत्या सॉफ्टवेअरनं स्वतः सांगितलं पाहिजे की मी कुठल्या कमिटवरून आलोय. स्प्रिंग बूटमध्ये हे अगदी सोपं आहे, मेव्हनला (जावाचं बिल्ड करणारं टूल) गिट कमिट आयडीचं प्लगइन टाकलं की जारमध्ये गिट प्रॉपर्टीजची फाइल जाते आणि अ‍ॅक्चुएटरच्या इन्फोच्या पत्त्यावर कमिट नंबर दिसतो (फक्त तो एंडपॉइंट बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका). गो वापरणाऱ्यांना तर १.१८ पासून, म्हणजे २०२२ पासून, कंपायलरच कमिट बायनरीत टाकून देतो. आम्ही हा नंबर 'आमच्याविषयी'च्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात छापतो, पहिली सात अक्षरं, आणि कॅशियर ताईंना शिकवून ठेवलंय की फोन करताना आधी तो वाचून दाखवायचा. निम्म्या तक्रारीत कळतं की ह्या शाखेत अजून जुनंच व्हर्जन आहे. अजून एक, बिल्डच्या वेळी कमिट न केलेला बदल असेल तर बिल्ड फेल झालं पाहिजे, तिथं सवलत दिली की वरचं सगळं वाया.

इथं कुणीतरी विचारेल की सोर्सवरून परत जार बनवली तर शा-२५६ जुळेल का. साध्या सेटिंगमध्ये नाही जुळणार, कारण जारच्या आत प्रत्येक फाइलची वेळ जाते. मेव्हनमध्ये आउटपुट टाइमस्टँप म्हणून एक प्रॉपर्टी आहे ती ठरावीक तारखेला बांधली की बराच फरक जातो, डेबियनवाले २०१३ पासून ह्याच्याच मागे लागलेत की त्याच सोर्समधून बाइट-टू-बाइट तेच पॅकेज निघावं. चार जणांच्या टीमनं एवढ्या खोलात जायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही, क्लास फाइली जुळल्या तरी मला पुरतं. प्रॉपर्टी मात्र टाकून ठेवा, फुकट आहे.

आता सोर्समध्ये काय काय येतं. लोक एसआरसी फोल्डर झिप करतात आणि दिलं म्हणतात. ह्याची मला आवडलेली व्याख्या १९९१ च्या जीपीएल दोन ह्या ओपन सोर्स लायसनमध्येच आहे, तिथं पूर्ण सोर्स म्हणजे सगळी मॉड्यूल तर आलीच पण कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टपण त्यातच धरल्यात. तुमचा कोड ओपन सोर्स नसला तरी हीच फूटपट्टी लावा. म्हणजे पॉम फाइल, रिअ‍ॅक्टची पॅकेज लॉक फाइल, जेडीके आणि नोडचं नेमकं व्हर्जन, डेटाबेसच्या मायग्रेशन स्क्रिप्ट पहिल्यापासून ओळीनं, सर्व्हिस कशी सुरू होते ती फाइल, एनजिनएक्स वेब सर्व्हरचं कॉन्फिग, नमुन्याची कॉन्फिग फाइल ज्यात किंमती रिकाम्या आहेत, आणि एक रीडमी. रीडमी मराठीत लिहिलात तरी चालेल, उलट संस्थेच्या दृष्टीनं बरंच.

डिपेंडन्सीचं, म्हणजे बाहेरून घेतलेल्या लायब्ररींचं, काय हा प्रश्न इथंच येतो आणि ह्याचं उत्तर परिस्थितीवर आहे. सगळं इंटरनेटवरून मिळतं तोपर्यंत नावं आणि व्हर्जन पुरतात. पण मिळेलच असं नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजचं कोठार) काढून घेतलं आणि जगभरची बिल्ड पडली, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आम्हाला स्वतःला जेसेंटर ह्या जावा-अँड्रॉइड लायब्ररींच्या कोठारानं शिकवलं, २०२१ मध्ये ते बंद करायची घोषणा झाली आणि आमच्या एका जुन्या अँड्रॉइड अ‍ॅपच्या दोन लायब्ररी तिथंच होत्या, दुसरीकडे कुठंच नाहीत. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षं सहज चालतं, दहा वर्षांनी कोणती वेबसाइट जिवंत असेल ह्यावर मी पैज लावणार नाही. म्हणून आम्ही वर्षातून एकदा, आणि मोठ्या रिलीजला, मेव्हनची लोकल रिपॉझिटरी आणि एनपीएमचा कॅश असं सगळं एका वेगळ्या झिपमध्ये बांधून ठेवतो. रिकाम्या मशीनवर त्या रिलीजचं बिल्ड चालवल्यावर जेवढं उतरतं तेवढंच घ्यायचं, स्वतःच्या लॅपटॉपचा सगळा कचरा नाही. डिस्क स्वस्त आहे.

आणि प्रत्येक रिलीजसोबत लायब्ररींची यादी, म्हणजे एसबॉम. सायक्लोनडीएक्सचं मेव्हन प्लगइन ती आपोआप काढतं. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे ह्या जावा लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भोकाचं प्रकरण झालं तेव्हा सगळ्या क्लायंटचा एकच प्रश्न होता, आमच्यात ते आहे का, आणि ज्यांच्या रिलीज फोल्डरमध्ये यादी होती त्यांना मी फोन चालू असतानाच उत्तर दिलं, बाकीच्यांच्या सर्व्हरवर जाऊन एकेक जार उघडत आठवडा गेला. सर्ट-इननंपण (सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २०२४ मध्ये एसबॉमवर मार्गदर्शक सूचना काढल्यात, आज ना उद्या तुमच्या संस्थेचा ऑडिटर विचारणारच.

काय जायला नको हे तितकंच महत्त्वाचं. डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस गेटवेची की, पेमेंटची की, डॉट एन्व्ह फाइल, आणि टेस्टिंगसाठी घेतलेला खऱ्या सभासदांचा डंप, ज्यात पॅन आणि आधार आहेत. हे शेवटचं मी फार ठिकाणी बघतो, टेस्ट फोल्डरमध्ये एक एसक्यूएल फाइल पडलेली असते आणि कुणाच्या लक्षातच नसतं. गिटची हिस्टरीपण द्यायची म्हटली तर अजून जपून, आज फाइल काढून टाकलीत तरी तीन वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच असतो. हिस्टरी द्यावी की नाही ह्यावर माझं मत असं की मालकी संस्थेची असेल तर द्या, गिट बंडलची एक फाइल करून द्या, कारण ती कापणारी ओळ कुणी आणि का टाकली हे हिस्टरीतच कळतं. पण आधी जेवढ्या कीज कधी काळी कमिट झाल्या असतील तेवढ्या सगळ्या बदलून घ्या. हिस्टरी धुवून काढायच्या भानगडीत पडण्यापेक्षा की बदलणं खात्रीचं.

मग ठेवायचं कुठं? लाइव्ह सर्व्हरवर नाही. साहेबांना हे नीट समजावून सांगा, ते समजण्यातले वाटतात. एक तर सर्व्हर गेला, रॅन्समवेअर आलं, की सॉफ्टवेअर आणि सोर्स दोन्ही एकदम जाणार, म्हणजे ज्या दिवसासाठी ठेवला त्याच दिवशी नसणार. दुसरं, सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तर त्याला तुमच्या सगळ्या कच्च्या जागा वाचायला मिळणार. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं, सोर्स शेजारी असला की कुणीतरी तिथंच बदल करून तिथंच कंपाइल करतो, गडबडीत, चांगल्या हेतूनं, आणि पुढच्या रिलीजला तो बदल पुसला जातो किंवा काट्यासारखं होतं. लाइव्ह सर्व्हरवर जार, कॉन्फिग आणि जेआरई एवढंच. रिलीज फोल्डर संस्थेच्या दुसऱ्या मशीनवर किंवा नॅसवर, एक प्रत तुमच्याकडे, आणि एक प्रत हार्ड डिस्कवर संस्थेच्या तिजोरीत, सोनेतारणाच्या पाकिटांशेजारी. हसू नका, पतसंस्थेत ह्याच्यापेक्षा चांगली जागा नाही, आणि मॅनेजरना ती पद्धत पटते कारण किल्ल्यांचं रजिस्टर त्यांच्या सवयीचं असतं.

तुमचं पीएचपी पोर्टल मात्र वेगळं, तिथं सोर्सच चालतो, त्यामुळे तो सर्व्हरवर असणारच. तिथं धोका असा की बरेच जण सर्व्हरवर गिट पुल करून अपडेट करतात आणि डॉट गिट फोल्डर वेबरूटमध्येच (बाहेरून ब्राउझरनं पोचता येतं त्या फोल्डरमध्ये) राहतं. ब्राउझरमध्ये पोर्टलच्या पत्त्यापुढे स्लॅश डॉट गिट स्लॅश हेड (हेड कॅपिटल अक्षरांत, HEAD) टाकून बघा. रेफ कोलन रेफ्स स्लॅश हेड्स स्लॅश मेन (किंवा मास्टर) अशी एक ओळ दिसली तर तुमचा अख्खा कोड हिस्टरीसकट बाहेरून उतरवून घेता येतो, त्यासाठीची तयार टूल फिरतायत. उपाय सोपा आहे, झिप उलगडून डिप्लॉय करा, वेबरूटमध्ये फक्त पब्लिक फोल्डर ठेवा, आणि एनजिनएक्समध्ये डॉटनं सुरू होणारे पत्ते बंद करा, फक्त वेल-नोन सोडून, नाहीतर एसएसएलचं रिन्यूअल अडकेल. रिअ‍ॅक्टच्या बाजूला सोर्स मॅप तपासा, बिल्डमध्ये डॉट मॅप फाइली गेल्या असतील तर तुमचा मूळ कोड कॉमेंटसकट ब्राउझरमध्ये वाचता येतो. मॅप फाइली बनवा, एरर शोधायला लागतातच, पण त्या रिलीज फोल्डरमध्ये ठेवा, सर्व्हरवर पाठवू नका. डॉकर असेल तर मल्टी-स्टेज बिल्ड करा, शेवटच्या इमेजमध्ये फक्त जार, आणि सीक्रेट एका लेयरमध्ये कॉपी करून पुढच्यात डिलीट केलं तरी ते आधीच्या लेयरमध्ये राहतं हे विसरू नका.

आतापर्यंतचं एका दमात: सोर्स त्याच बिल्डमधून, कमिट नंबर दोन्हीकडे, बिल्ड करायला लागणारं सगळं आत, सीक्रेट बाहेर, आणि लाइव्ह मशीनपासून लांब. राहिला तो हक्काचा भाग, तुमच्या सीनियरचा.

त्यांची भीती खोटी नाही, सोर्स घेऊन क्लायंटनं दुसऱ्याला काम दिल्याचं मीपण बघितलंय. पण लपवून काही वाचत नाही, जार कुणीही डीकंपाइल करू शकतो, वर मी तेच केलं. वाचवतो तो करार. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत धरलेत, आणि तुम्ही संस्थेचे नोकर नसून बाहेरून काम करणारे असाल तर पैसे घेतले म्हणून हक्क आपोआप संस्थेकडे जात नाही, तसं लेखी असाइनमेंट लागतं. आणि असाइनमेंट केलंत पण मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हे कलम १९ दोन्ही बाजूंना दाखवा, वकिलाकडून एकदा लिहून घ्या. मधला मार्ग असा की हक्क तुमचा, संस्थेला स्वतःच्या वापरासाठी बदल करायचं लायसन, दुसऱ्या संस्थेला द्यायची मनाई, आणि सोर्सची सीलबंद प्रत तिसऱ्या कुणाकडे एस्क्रोमध्ये, तुम्ही धंदा बंद केला किंवा ठरलेल्या दिवसांत सपोर्ट दिला नाही तर उघडायची. आम्ही लहान संस्थांसाठी एस्क्रोचा खर्च न करता तिजोरीतलं सीलबंद पाकीट करतो आणि उघडायच्या अटी करारात लिहितो, आजवर दोन्ही बाजूंना चाललंय.

एका ठिकाणी मात्र सीनियरचं 'कधीच नाही' चालणार नाही. तुम्ही कुठल्या लायब्ररी वापरता ते बघा. पावत्यांच्या पीडीएफसाठी आयटेक्स्ट वापरत असाल तर व्हर्जन पाचपासून ते एजीपीएलमध्ये आहे, म्हणजे एक तर कमर्शियल लायसन घ्या, नाहीतर तुमचा सोर्स त्या अटींवर द्यायची तयारी ठेवा, किंवा ओपनपीडीएफवर जा. नेटवरून जार उचलताना हे कुणी बघत नाही. वायफाय राउटरच्या जगात २००३ मध्ये लिंक्सिसला डब्ल्यूआरटी५४जीचा सोर्स ह्याच कारणानं द्यावा लागला आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं.

आणि झिप हातानं बनवायची नाही असं मी वर म्हटलं त्याचं दुसरं कारण २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं. एक्सझेड ह्या फाइल आवळणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मधला बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) चालू करणारी बिल्ड स्क्रिप्टची ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (झिपसारख्या पॅकेजमध्ये) होती. लोक गिट वाचत राहिले आणि बिल्ड झालं ते टारबॉलमधून. तुमची झिप घेणाऱ्यालाही टॅगशी ताडून बघता आली पाहिजे.

आता तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं. रिलीज फोल्डर बनवलं की ते द्यायच्या आधी एक दिवस काढा, रिकामी मशीन घ्या, आणि ज्यानं कोड लिहिला नाही अशा माणसाला फक्त ते फोल्डर आणि लायब्ररींची ती वेगळी झिप देऊन बसवा, नेट बंद, प्रश्न विचारायचे नाहीत, अडला की कागदावर लिहायचं. पहिल्या वेळी हमखास अडतं. आमच्याकडे नवीन मुलगी बसली होती, बिल्ड झालं, लॉगिन झालं, ठेवीची पावती छापली तर त्यात 'श्री' आणि 'ज्येष्ठ'ची जोडाक्षरं फुटलेली. जॅस्परच्या रिपोर्टला लागणारा देवनागरी फाँट आमच्या सगळ्यांच्या मशीनवर कधीतरी टाकलेला होता, सोर्समध्ये कुठंच नव्हता, सात वर्षं कुणाला कळलं नव्हतं. तिनं कागदावर अकरा गोष्टी लिहिल्या होत्या, तो कागद मी अजून जपून ठेवलाय. फाँट एक्स्टेन्शनची जार करून रिपॉझिटरीत टाकली, दुसऱ्या वेळी कागदावर दोनच गोष्टी आल्या. साहेबांनापण त्या दिवशी शेजारी बसवा, सर्व्हरवर फोल्डर ठेवा हा हट्ट तिथंच संपेल कारण त्यांना डोळ्यांसमोर दिसेल की तुमच्याशिवाय सॉफ्टवेअर उभं राहतंय.

पण हे सगळं पुढच्या आठवड्यात. डॉट गिटवाली तपासणी आज, आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या करा, आणि ती ओळ दिसली तर आधी पोर्टलचा डेटाबेस पासवर्ड बदला, मग एनजिनएक्सला हात लावा आणि अ‍ॅक्सेस लॉग बाजूला काढून ठेवा म्हणजे आधी कुणी येऊन गेलंय का ते बघता येईल.